वाग्गेयकार की कुट्टिकार? : दासोपंतांची पदे आणि बहुस्रोत दख्खन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दासोपंतांचा (१५५१–१६१५) परिचय बहुधा संख्येने करून दिला जातो. ‘ज्ञानेश्वरी’ची ओवीसंख्या सुमारे नऊ हजार, दासोपंतांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते. ‘पदार्णवा’तील पदांची संख्याही सव्वा लाखच सांगतात, त्यांपैकी उपलब्ध असलेली पदे सोळाशेच्या आसपास आहेत. पंचीकरणाचा विषय मांडणारी त्यांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहिलेली असून ती अंबाजोगाईला जतन केलेली आहे. दासोपंतांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे, ही आख्यायिकाही त्याच विस्मयाचे रूप होय. या विस्मयाचा एक दुष्परिणाम असा झाला की, दासोपंतांनी किती लिहिले हा प्रश्न पुढे आला आणि त्यांनी काय रचले हा प्रश्न मागे पडला. भाष्यकार म्हणून त्यांची तुलना ज्ञानेश्वरांशी होत राहिली व त्या तुलनेत ते विस्ताराचे दोषी ठरत गेले. पदांच्या वाट्याला तर स्फुट रचनेचे दुय्यम स्थान आले.

पद ही केवळ शब्दरचना नव्हे, ही गोष्ट कोणी अमान्य करीत नाही. पण ती मान्य केल्यावर समीक्षेच्या पद्धतीत जो बदल व्हावयास हवा तो सहसा होत नाही. अभ्यासकाच्या हाती छापील संहिता येते. पदाच्या डोक्यावरचे रागाचे नाव वगळून तो पदातील आशय, प्रतिमा आणि भाषा यांचे विवेचन करतो. दासोपंतांच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. त्यांची पदे रागदारीत बांधलेली म्हणून परंपरेला ज्ञात आहेत. मराठीबरोबर संस्कृत, हिंदी, कानडी आणि तेलुगू या भाषांतही त्यांनी रचना केली आहे. एका रचनाकाराने इतक्या भाषा व इतके राग हाताळावेत यामागे केवळ व्युत्पत्तीचे प्रदर्शन आहे काय, की त्यामागे रचनेविषयीची एखादी निश्चित कल्पना उभी आहे, हा येथे विचाराचा विषय आहे.

या विचारासाठी लागणारी परिभाषा अंबाजोगाईच्या भूमीपासून फार दूर शोधावी लागत नाही. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण (दुसरा) याच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईस मिळाले असून त्याच्या नावाचे मंदिरही तेथे आहे. म्हणजे ज्या राजसत्तेने या नगरीत देवालये उभी राहू दिली, तिच्याच छायेत भारतीय संगीतशास्त्राचा हा आधारग्रंथ सिद्ध झाला. शार्ङ्गदेव गीताचे दोन घटक मानतो : शब्दांचा तो ‘मातु’ आणि स्वररचनेचा तो ‘धातु’. दोन्ही जो रचतो तो ‘वाग्गेयकार’. त्याच्या अंगी असावयाच्या गुणांत शार्ङ्गदेवाने व्याकरण, कोश, छंद, अलंकार, रस यांच्या ज्ञानाबरोबर देशोदेशीच्या रीतींचे चातुर्य आणि सर्व भाषांचे ज्ञान यांचाही समावेश केला आहे. बहुभाषिकता ही वाग्गेयकाराची हौस नसून पात्रता आहे, असा याचा अर्थ होतो.

शार्ङ्गदेवाची प्रतवारीही उद्बोधक आहे. ज्याचा धातु सरस पण मातु मंद, तो मध्यम. आणि मातु रम्य असूनही ज्याचा धातु मंद, तो अधम. आधुनिक साहित्येतिहासाने पदांची जी परीक्षा केली तिच्यात केवळ मातूचाच विचार झाला; शार्ङ्गदेवाच्या दृष्टीने जो अंश निर्णायक तो परीक्षेच्या बाहेरच राहिला. याखेरीज शार्ङ्गदेव आणखी एका रचनाकाराची नोंद करतो. दुसऱ्याने रचलेल्या धातूवर जो आपला मातु बसवतो, त्याला तो ‘कुट्टिकार’ म्हणतो. पुढच्या काळात ‘अमुक चालीवर’ पद रचण्याची जी प्रथा मराठीत सर्वत्र रूढ झाली, तिचे हे शास्त्रीय नाव म्हणावयास हरकत नाही. मग दासोपंत वाग्गेयकार की कुट्टिकार? वरवर पाहता हा वर्गीकरणाचा प्रश्न वाटतो. परंतु परंपरांकडून घेणे म्हणजे नेमके काय घेणे, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

प्रथम दासोपंतांच्या चरित्राचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. त्यांचा जन्म बीदरच्या बरीदशाही मुलखातील नारायणपेठ येथे देशपांडे घराण्यात झाला. नारायणपेठ आज तेलंगणात आहे. सारावसुलीचा भरणा वेळेवर न झाल्याने वडील दिगंबरपंत यांच्यावर सुलतानाची अवकृपा झाली, कोवळ्या वयाच्या दासोपंतांना बीदर येथे ओलीस ठेवण्यात आले, मुदतीत पैसा न आल्यास धर्मांतर करावे लागेल अशी अट पडली, आणि दत्तात्रेयाने पाडेवाराच्या वेषात येऊन रक्कम भरली, अशी चरित्रकथा आहे. पुढे ते माहूरला गेले, तेथून गोदाकाठच्या राक्षसभुवनला आणि अखेरीस अंबाजोगाईला स्थिरावले. राक्षसभुवन व अंबाजोगाई ही दोन्ही स्थाने आजच्या बीड जिल्ह्यात येतात. तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी या चार भाषांच्या सरमिसळीतून हा प्रवास झालेला आहे.

या भूगोलाला दत्तसंप्रदायाचे अधिष्ठान आहे, हे विसरून चालणार नाही. ‘गुरुचरित्रा’चा कर्ता सरस्वती गंगाधर याने ज्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र गायिले त्यांचे गाणगापूर कानडी मुलखात आहे, त्याच ग्रंथात बीदरचा यवन राजा गुरूंच्या दर्शनाला येतो. माहूर, गाणगापूर, बीदर, देवगिरी, अंबाजोगाई ही स्थाने जोडणारी वाट कोणत्याही एका भाषेची नाही. पंढरीच्या वाटेवर मराठी ही एकत्र आणणारी भाषा होती. दत्तस्थानांच्या वाटेवर उपासकाला अनेक भाषा बोलणारे सहप्रवासी भेटत. पदांच्या बहुभाषिकतेचा उगम पांडित्यात शोधण्यापूर्वी तो या उपासक-समुदायात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. ज्या भाषेत ऐकणारा समोर बसला आहे त्या भाषेत पद, हा साधा व्यवहार त्यामागे असू शकतो.

आता रचनेकडे वळता येईल. दासोपंतांपुढे मराठीत दोन सुप्रतिष्ठित रूपे होती : ओवी आणि अभंग. ओवीला गेयतेचा इतिहास फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे नोंदविले आहे, शार्ङ्गदेवाने तिला प्रबंधांमध्ये स्थान दिले आहे. परंतु ‘विवेकसिंधु’, ‘ज्ञानेश्वरी’ या ग्रंथांच्या ओघात ओवीने निरूपणाचे कार्य स्वीकारले आणि गाण्यापेक्षा ती म्हणण्याकडे व वाचण्याकडे झुकली. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईलाच दाखविली जाते. म्हणजे दासोपंत ज्या गावी राहिले तेथे ग्रंथिक ओवीचा अभिमान स्थानिक होता. त्यांनी ती ओवी गीताभाष्यासाठी मुक्तहस्ताने वापरली. उपासनेसाठी मात्र पद योजिले.

ही विभागणी अर्थपूर्ण आहे. ओवीत विचार पुढे पुढे जातो. एक ओवी संपली की दुसरीची वाट मोकळी होते. पदात ध्रुवपद पुनःपुन्हा परतते. प्रबंधगायनातील ‘ध्रुव’ या अचल अवयवाचे कार्य पदात ध्रुवपद करते : कडवी बदलतात, ते मात्र स्थिर राहते. भाष्याला प्रगती हवी, उपासनेला आवर्तन हवे. ‘गीतार्णव’ विस्तीर्ण झाला याचे कारण ओवीच्या स्वभावात आहे. आणि पद आटोपशीर राहते याचे कारण ध्रुवपदाच्या बंधनात आहे. एकाच लेखकाच्या दोन ‘अर्णवां’ना एकच मोजपट्टी लावणे त्यामुळे गैर ठरते.

अभंगाऐवजी पद का, हाही प्रश्न उपस्थित होतो. अभंगाचे बळ त्याच्या सामूहिकतेत आहे. टाळ-मृदंगाच्या लयीत अनेक कंठांनी एकत्र म्हणता येईल असा त्याचा छंद आहे, आणि त्याच्या अखेरीस बहुधा कवीचे नाव येते. दासोपंतांच्या रचनेत दिगंबराच्या नावाची मुद्रा दिसते. रचनाकाराने स्वतःच्या नावाऐवजी उपास्याच्या नावाने पद मुद्रांकित करण्याची रीत कर्नाटकातील हरिदासांमध्ये रूढ होती. पुरंदरदासांच्या (मृत्यू १५६४) पदांवर पुरंदर विठ्ठलाचा अंकित असतो, तर तेलुगू वाग्गेयकार ताळ्ळपाक अन्नमाचार्यांच्या (१४०८–१५०३) पदांवर वेंकटेश्वराचा. पल्लवी आणि तिच्याकडे परत येणारी चरणे ही त्यांची बांधणीही पदाच्या बांधणीशी मिळतीजुळती आहे. येथे प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. दासोपंतांनी कोणाची पदे ऐकली हे सिद्ध करण्यापेक्षा, त्यांनी ज्या भाषांत पदे रचली त्या भाषांत या पदरचनेची जिवंत परंपरा होती, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कानडी वा तेलुगू श्रोत्याला दासोपंतांचे पद परके वाटण्याचे कारण नव्हते. त्या श्रोत्याच्या ओळखीच्या घाटातच ते त्याच्यासमोर येत होते.

उत्तरेकडूनही एक प्रवाह येत होता. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या कारकिर्दीत (१४८६–१५१६) ध्रुपदाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली आणि देशभाषेतील गीत रागदारीच्या केंद्रस्थानी आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रवाह दक्षिणेतील रागविचाराला भेटत होता. त्याचा उत्तम साक्षीदार पुंडरीक विठ्ठल होय. मूळचा कर्नाटकातील हा शास्त्रकार खानदेशात फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास आला आणि तेथे त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. दक्षिणेची मेलपद्धती हाताशी धरून उत्तरेत प्रचलित असलेल्या रागांची व्यवस्था लावण्याचा त्याचा प्रयत्न आहे. पुढे ‘रागमंजरी’त त्याने पारसिक रागांचीही दखल घेतली. दासोपंत ज्या दशकांत पदे रचत होते, त्याच दशकांत गोदावरीच्या उत्तरेस तापीकाठी हे शास्त्रकार्य चालले होते. दख्खन ही तेव्हा दोन संगीतपद्धतींमधली सीमा नव्हती. दोन्हींच्या एकमेकींत मिसळण्याची ती जागा होती.

याच काळाचा तिसरा साक्षीदार विजापूरचा इब्राहिम आदिलशाह (दुसरा) होय. त्याची कारकीर्द १५८० ते १६२७. म्हणजे दासोपंतांच्या उत्तरायुष्याला ती समांतर आहे. त्याचा ‘किताब-ए-नौरस’ हा दखनी गीतांचा संग्रह. त्यातील गीते रागवार मांडलेली असून रागाच्या नावाआधी ‘मुकाम’ हा फारशी शब्द येतो. सरस्वती व गणपती यांच्या स्तवनाबरोबर पैगंबर आणि गुलबर्ग्याचे सुफी संत गेसूदराज यांच्याविषयीचा आदरही त्याच गीतांत व्यक्त होतो. सुलतानाच्या संग्रहात आणि अंबाजोगाईच्या दत्तोपासकाच्या संग्रहात संप्रदाय, सत्ता, आश्रय यांपैकी काहीच समान नाही. समान आहे ती मांडणीची रीत : गीत, त्याचा राग, आणि रागानुसार गीताचे ठिकाण. याच सुमारास, १६०४ मध्ये, पंजाबात आदिग्रंथ सिद्ध झाला आणि त्यात नामदेवांची ६१ पदे १८ रागांखाली समाविष्ट झाली. रागाचे नाव हे गीताचे घर, ही धारणा त्या काळी राजसभा, मठ आणि धर्मग्रंथ या तिन्ही ठिकाणी एकसारखी आढळते.

या पार्श्वभूमीवर बीदरच्या बंदिवासाची कथा पुन्हा वाचली पाहिजे. ती कथा सीमा आखते : एका बाजूस यवनसत्ता, दुसऱ्या बाजूस दत्ताचा भक्त, मध्ये धर्मांतराचे भय. संतचरित्राचे ते प्रयोजनच आहे, आणि त्या काळच्या राजकीय दडपणाची खूण म्हणून तिची उपेक्षाही करता येणार नाही. परंतु तोच भक्त पुढे हिंदीत पदे रचतो, बीदर-विजापूरच्या दरबारांना परिचित असलेल्या रागव्यवस्थेत आपली उपासना बांधतो. चरित्र सांगते ते वेगळेपण. पदे दाखवितात ती सहभागिता. साहित्येतिहासाने आजवर चरित्रकथेला प्रमाण मानून पदांचा अर्थ लावला. उलट दिशेने पाहिल्यास असे दिसते की, राग हा कोणत्याही एका धर्माच्या किंवा दरबाराच्या मालकीचा राहिलेला नव्हता, म्हणूनच बंदिवासाची आठवण बाळगणाऱ्या परंपरेलाही तो घेता आला. याला सरसकट ‘समन्वय’ म्हणणे घाईचे होईल. समन्वयात दोन बाजूंनी एकमेकींना ओळखून मान्य केलेले असते. येथे तशा ओळखीचा पुरावा नाही. एकाच विहिरीवरून पाणी भरणाऱ्या दोन घरांची एकमेकांत बोलचाल असलीच पाहिजे असे नाही.

दासोपंतांनी काय घेतले याचा विचार करताना त्यांनी काय घेतले नाही याकडेही पाहिले पाहिजे. त्यांचे ज्येष्ठ समकालीन एकनाथ (१५३३–१५९९) पैठणला भारुडे रचत होते. वासुदेव, जोशी, गोंधळी, पोतराज यांची रूपे, त्यांच्या आरोळ्या, त्यांची वाद्ये आणि त्यांची बोली एकनाथांनी भारुडात आणली. ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोन समाजांना समोरासमोर बोलते केले. एकनाथ आणि दासोपंत यांची भेट झाली, दासोपंतांना नाथांच्या दारी दत्त चोपदार म्हणून उभा दिसला, अशी कथा आहे. दोघेही दत्तपरंपरेचे आणि दोघेही अनेक स्रोतांतून घेणारे. पण घेण्याची दिशा मात्र निराळी. एकनाथ प्रयोगकारांकडून घेतात, आणि प्रत्येक प्रयोगाबरोबर तो करणारा माणूस, त्याची जात, त्याचा व्यवसाय रचनेत येतो. राग घेतला की त्याच्यामागे असा विशिष्ट माणूस येत नाही. राग हा आपल्या गायकांपासून सुटा झालेला, शास्त्राने नामांकित केलेला वारसा आहे. म्हणूनच तो भाषा व धर्म यांच्या सीमा सहज ओलांडतो. आणि म्हणूनच त्यात रस्त्यावरचा आवाज ऐकू येत नाही. दासोपंतांच्या पदांची व्यापकता आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

बीड जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण मन्मथस्वामींचे. कपिलधार हे त्यांचे समाधिस्थान. वीरशैव परंपरेतील या संतकवीने ‘परमरहस्य’ हा ग्रंथ ओवीत लिहिला आणि अभंगरचना केली. वीरशैवांची मूळ वाङ्मयीन संपत्ती म्हणजे कानडी वचने. वचनाला छंदाचे वा तालाचे ठरीव बंधन नाही. मराठी मुलखात उपासकसमुदाय उभा करताना मन्मथस्वामींनी वचनाचा घाट पत्करला नाही. शेजारच्या विठ्ठलभक्तांचा अभंग पत्करला आणि त्यातून शिवभक्तीचा आशय मांडला. दासोपंतांनी राग घेऊन अनेक भाषांत संचार केला. मन्मथस्वामींनी भाषा एकच राखली आणि दुसऱ्या संप्रदायाचा छंद आपलासा केला. परंपरांकडून घेण्याची एकच रीत नसते, हे दाखविण्यास एका जिल्ह्यातील ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. स्रोत किती, यापेक्षा त्या स्रोताबरोबर कोणता श्रोता येतो, हा रचनाकारापुढील खरा प्रश्न असतो.

आता मूळ प्रश्नाकडे परतावयास हरकत नाही. पदावरील रागनाम म्हणजे धातु नव्हे. रागाच्या नावावरून चाल कळत नाही; ती कोणत्या परिघात फिरावी एवढेच कळते. शिवाय काही सावधगिरी आवश्यक आहे. रागनाम रचनाकाराने दिले की नकलकाराने, हे प्रत्येक हस्तलिखितापुरते तपासावे लागते. नामदेवांच्या पदांचे उदाहरण सांगते की, पदांची रागवार मांडणी रचनेनंतर दोन-अडीच शतकांनी, दूरच्या प्रांतातही होऊ शकते. तसेच सोळाव्या शतकातील रागाचे नाव आणि आज त्याच नावाने ओळखला जाणारा राग यांची स्वरव्यवस्था एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. ‘सद्रागचंद्रोदया’तील लक्षणे आजच्या प्रचलित रूपांशी ताडून पाहिल्यास हा फरक वारंवार प्रत्ययास येतो. तेव्हा आज एखाद्या गायकाने रागनाम वाचून पद गायिले तर तो दासोपंतांची चाल गातो असे म्हणता येणार नाही.

परंतु ही अडचण हेच उत्तरही आहे. धातु पूर्णपणे बांधून देणारा तो वाग्गेयकार, दुसऱ्याचा बांधलेला धातु उचलणारा तो कुट्टिकार. आणि रागाचे नाव देऊन धातूचा काही भाग गाणाऱ्याकडे सोपविणारा रचनाकार या दोहोंत बसत नाही. शब्द, ध्रुवपद, मुद्रा आणि राग एवढे तो निश्चित करतो. चाल दर पिढीने आपल्या कंठाप्रमाणे घडवावयाची असते. शार्ङ्गदेवाच्या शास्त्राने ज्याला नाव दिले नाही अशी ही तिसरी भूमिका आहे, आणि भक्तिसंगीताचा फार मोठा भाग तिच्यावर उभा आहे. दासोपंतांचे पद अनेक परंपरांतून घेते, याचा अर्थ त्यांनी अनेक चाली गोळा केल्या असा होत नाही. त्यांनी अनेक परंपरांच्या गायकांना प्रवेश करता येईल अशी रचना केली, असा तो होतो. कानडी श्रोत्यासाठी भाषा, रागज्ञासाठी राग, उपासकासाठी मुद्रा, आणि सर्वांसाठी परत येणारे ध्रुवपद : एका पदाला इतकी दारे आहेत.

या तिसऱ्या भूमिकेचा पुढचा इतिहास मराठीला अपरिचित नाही. कीर्तनाच्या आख्यानात ओवी, अभंग, आर्या, साकी, दिंडी, पद हे सर्व प्रकार एकत्र नांदले. औरंगाबादच्या अमृतरायांनी (१६९८–१७५३) कटावाची भर घातली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तनातील हेच प्रकार आणि कर्नाटकाकडील चाली त्यांच्या हाताशी होत्या; ते स्वतः बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. त्यानंतर ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींमुळे ख्याल-ठुमरीचा प्रवाह नाट्यपदात आला. येथे शब्द एकाचे, धातु दुसऱ्याचा, आणि विस्तार गायकनटाचा अशी तीन हातांची रचना उघडपणे मान्य झाली. नाट्यसंगीताचा इतिहास लिहिताना या तीन हातांची नोंद आवर्जून केली जाते. संतांच्या पदांचा इतिहास लिहिताना ती केली जात नाही. एकाला संगीत आणि दुसऱ्याला साहित्य असे खाते दिले गेले, एवढेच त्याचे कारण दिसते.

या खातेवाटपाची किंमत पदांना मोजावी लागली. छापील आवृत्तीत रागनाम तळटीपेत गेले किंवा गळाले, अन्य भाषांतील पदे मराठीच्या इतिहासात बसत नाहीत म्हणून बाजूला राहिली, आणि कानडी-तेलुगूच्या इतिहासकारांनी त्यांना आपले मानण्याचे कारण नव्हते. न. शे. पोहनेरकरांनी पासोडीचे संपादन केल्यामुळे चाळीस फुटांचे कापड ग्रंथरूपाने अभ्यासकांच्या हाती आले; पदांच्या बाबतीत मात्र सर्व भाषांतील पदे रागनामे, पाठभेद आणि गायनाची रीत यांसह एकत्र मांडणे हेच संपादनाचे पहिले कर्तव्य ठरते. हे काम एकट्या साहित्याभ्यासकाचे नाही. त्याच्या शेजारी रागशास्त्राचा जाणकार बसला पाहिजे, आणि कानडी-तेलुगू जाणणारा वाचकही.

अंबाजोगाईत दासोपंतांची परंपरा थोरले देवघर आणि धाकटे देवघर या दोन स्थानी चालत आली आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे पदे गायिली जातात. ती चाल सोळाव्या शतकातली आहे काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर नकारार्थी येण्याचाच संभव अधिक. परंतु दासोपंतांनी गाणाऱ्याकडे जो भाग सोपविला होता तो त्याने उचलला आहे काय, असे विचारले तर उत्तर त्याच गायनात मिळते. सव्वा लाखांपैकी उरलेल्या सोळाशे पदांची मोजदाद ग्रंथालयात होईल. त्यांची परीक्षा मात्र देवघरातल्या गाण्यापासूनच सुरू करावी लागेल.